कॅल्क्युलेटरवर एक्स, वाय, ए, बी टाकायचे कसे? (पोरगी डिप्लोमाला, बाप फोनवर)

दुधनाकाठ (सेलू)
नमस्कार मंडळी. पोरगी यंदा सिव्हिल डिप्लोमाला लागली, लातूरला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणितात हुशार, पण सायंटिफिक कॅल्क्युलेटर कधी हातात घेतला नव्हता. कारण बोर्डाला तो चालतच नाही. तिच्या मामेभावाचा जुना कॅसिओ एफएक्स-९९१एमएस तिला दिला. आता ती फोनवर म्हणायली, "पप्पा, ३एक्स अधिक ७ टाकलं की सिंटॅक्स एरर येतो." मी विचारलं, एक्स कुठला दाबलास? तर गुणाकाराचा! मला तरी कुठं माहीत होतं की एक्स वेगळा असतो.

शिवाय होस्टेलमधल्या मैत्रिणींकडं ईएस प्लस आहे, एकीकडं त्याच्याहून नवा. सगळ्यांची बटणं वेगळी, त्यामुळं एकीचं ऐकून दुसरीचं चालत नाही. कुणीतरी मला समजेल असं सांगा. मी दुकानात बसून तिला फोनवर सांगणार आहे. कॅल्क्युलेटर तिच्या हातात, माझ्यासमोर फक्त तुमचा प्रतिसाद. तेव्हा बटणांच्या जागेसकट लिहा, ही विनंती.

टवाळ_परभणीकर
आमच्या वेळी लॉग टेबलवर सगळं भागत होतं भाऊ. पिढी बिघडली ती या बटणांनी.

खडूफळा (अंबाजोगाई)
परभणीकर, बारावीच्या लेकरांच्या हातात आजही लॉग टेबलच असतं. बिघडायला अजून वाव आहे.

दुधनाकाठ, बटणं सांगतोच, पण त्याआधी पोरीला एक गोष्ट पक्की सांगा. वहीत आपण एक्स लिहितो तेव्हा त्याची किंमत माहीत नसते, ती शोधायची असते. या कॅल्क्युलेटरला "माहीत नाही" हा प्रकारच ठाऊक नाही. त्याच्या पोटात ए, बी, सी, डी, ई, एफ, एक्स, वाय आणि एम असे नऊ डबे आहेत. प्रत्येक डब्यात कायम एक आकडा असतो. काही ठेवलं नसेल तर शून्य. तुम्ही ३एक्स + ७ लिहून बरोबरचं बटण दाबलं की तो एक्सच्या डब्यात आत्ता जे आहे ते घेतो आणि उत्तर देऊन मोकळा होतो. डबा रिकामा असेल तर ७ येणार. मग पोरगी म्हणणार, "३एक्स + ७ बरोबर ७ कसं काय?" तिचं गणित बरोबर आहे आणि कॅल्क्युलेटरही बरोबर आहे. मधे शून्य बसलंय, एवढंच.

आता एमएसवरच्या जागा. बटणांच्या वर लाल रंगात अक्षरं छापलेली आहेत. ती लाल अक्षरं "अल्फा" दाबल्यावर मिळतात, पिवळी "शिफ्ट" दाबल्यावर. कंसात टाकलेल्या उणे चिन्हाचं बटण म्हणजे ए. अंश-मिनिट-सेकंदाचं बटण बी. "हाइप" लिहिलेलं सी. साइन डी, कॉस ई, टॅन एफ. कंस बंद करायचं बटण म्हणजे एक्स. त्याच्या शेजारचं स्वल्पविरामाचं बटण वाय. "एम+" म्हणजे एम. तेव्हा ३एक्स + ७ असं टाकायचं: ३, अल्फा, कंस बंद, अधिक, ७. अल्फा विसरली तर नुसता कंस पडतो आणि पुन्हा एरर.

डब्यात आकडा ठेवायचा तर, समजा १२ एमध्ये: १२, शिफ्ट, आरसीएल (त्याच्यावर पिवळ्यात एसटीओ लिहिलंय), मग थेट कंसातल्या उणे चिन्हाचं बटण. इथं पुन्हा अल्फा दाबायचा नाही. लेकरं इथंच अडतात. साठवलेलं बघायचं असेल तर आरसीएल आणि तेच बटण.

मांजरातीर (लातूर)
सरांच्या लिहिण्याला जोड देतो. मी तंत्रनिकेतनात शिकवतो, पहिल्या वर्षाचं मूलभूत गणित माझ्याकडं असतं.

ईएस प्लसवर अक्षरांच्या जागा जवळजवळ त्याच आहेत, फक्त वाय गेलाय "एस-डी" च्या बटणावर. स्वल्पविराम तिथं शिफ्ट दाबून कंस बंदच्या बटणावर मिळतो. नव्या ईएक्सवर एक्सला स्वतंत्र बटण दिलंय, अल्फाची गरज नाही, आणि साठवायला एसटीओ थेट आहे, शिफ्ट नको. त्याच्याही पुढचा सीडब्ल्यू आलाय. त्यावर बरोबरच्या चिन्हाऐवजी "एक्झी" आणि अक्षरांसाठी "व्हेरिएबल" असं बटण. तो हातात घेतला की जुन्या मोठ्या भावाची वही काही कामाची राहत नाही, सगळी मांडणीच बदलली. त्यामुळं मैत्रिणींना म्हणावं, आधी आपापल्या यंत्रावरचं नाव वाचा, मगच सल्ला द्या.

वर्गात पहिल्या आठवड्यात मला दर बाकावर दिसणारी गोष्ट म्हणजे कॅल्कचं बटण. आरशासारखं चकचकीत, कुणी हात लावलेला नसतो. आणि सगळ्यात कामाचं तेच. सूत्र अक्षरांत एकदा टाका, कॅल्क दाबा, तो "ए?" विचारतो, आकडा टाका, बरोबर दाबा, मग "बी?" विचारतो. सगळे दिले की उत्तर. पुन्हा बरोबर दाबलं की नव्यानं विचारायला लागतो. प्रयोगशाळेत एकाच सूत्रात दहा वाचनं टाकायची असतात, तिथं याला तोड नाही. एवढं लक्षात ठेवा की मोड बदलला की टाकलेलं सूत्र जातं, डब्यांतले आकडे मात्र राहतात.

नाथसागर_पैठण
कॅल्कवर माझं रोजचं उदाहरण देतो, पोरगी सिव्हिलची आहे म्हणून जास्तच. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की टीव्हीवर क्युसेकचे आकडे फिरतात आणि गावातला प्रत्येक जण विचारतो, "म्हणजे किती टीएमसी गेलं?" क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. तेव्हा ए क्युसेक, बी तास, असं सूत्र:

ए × बी × ३६०० ÷ १,००,००,००,०००

नऊ शून्य टिचत बसू नये. एमएसवर १, मग "ईएक्सपी", मग ९. ईएस प्लसवर तिथं "×१०" चं बटण आहे, काम तेच.

आता कॅल्क दाबा. ए मागितलं, ११५७४ द्या. बी मागितलं, २४ द्या. उत्तर येईल ०.९९९९९३६. म्हणजे ११,५७४ क्युसेक दिवसभर सोडलं की एक टीएमसी गेलं, हा आकडा आमच्याकडं पोरासोरांना पाठ असतो. पुन्हा बरोबर, आता ए ५०,०००, बी ६. उत्तर १.०८. पुन्हा ए ९,४३२, बी २४. उत्तर ०.८१४९.

इथून पुढं मजा आहे. जायकवाडीचा जिवंत साठा २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे ७६.६५ टीएमसी. तो सीमध्ये एकदा साठवून टाका आणि सूत्राच्या शेवटी "÷ सी × १००" जोडा. आता कॅल्क सीसुद्धा विचारणार, पण तिथं साठवलेला आकडा समोर दिसतो, काही न टाकता नुसतं बरोबर दाबायचं. ९,४३२ क्युसेक चोवीस तास चाललं तर उत्तर १.०६. म्हणजे दिवसभर पाणी सोडूनही साठ्याचा एक टक्का हलला. बातमी ऐकून "धरण रिकामं करायले" म्हणणाऱ्यांना मी कॅल्क्युलेटर पुढं करतो.

टवाळ_परभणीकर
नाथसागर, ते सगळं ठीक, पण वरून नाशिक-नगरनं किती सोडलं त्याचं सूत्र कोणत्या अक्षरात टाकायचं ते सांगा.

नाथसागर_पैठण
त्याला कोर्ट लागतं भाऊ, कॅल्क नाही.

प्रशासक
समन्यायी पाणीवाटपाचा धागा वेगळा आहे आणि तो भरपूर पेटलेला आहे. इथं अक्षरांवरच राहू.

दुधनाकाठ (सेलू)
लई आभार. काल रात्री फोनवर अर्धा तास बसलो. एक्स सापडला, साठवता यायलं, कॅल्कही जमला. पण आता नवीनच निघालं. मैत्रिणीनं ए मध्ये ४ ठेवून १ ÷ २ए केलं तर ०.१२५ आलं. माझ्या पोरीनं १ ÷ २ × ए केलं तर २ आलं. दोघी म्हणायल्या आमचंच बरोबर. कामून असं?

मांजरातीर (लातूर)
दोघींचं यंत्र बरोबर आहे, दोघींनी वेगवेगळी गणितं टाकलीत.

गुणाकाराचं चिन्ह लिहिलं की भागाकार-गुणाकार डावीकडून उजवीकडं होतात: १ ÷ २ म्हणजे ०.५, गुणिले ४, झाले २. पण २ आणि ए मधे चिन्ह न टाकता चिकटून लिहिले की हे कॅसिओ "२ए" ला एकसंध धरतात आणि भागाकाराच्या आधी सोडवतात. मग १ ÷ ८, म्हणजे ०.१२५. ईएक्सवर तर बरोबर दाबल्यावर तो आपणहून कंस घालून दाखवतो, १ ÷ (२ए). एमएस आणि ईएस प्लस गुपचूप करतात, म्हणून भांडण होतं.

माझं वर्गातलं सांगणं एकच: छेदात एकापेक्षा जास्त गोष्टी असतील तर कंस घालायचाच, यंत्र काहीही समजो. ईएस प्लस असेल तर अपूर्णांकाचं बटण वापरा, वहीत दिसतं तसं वर-खाली लिहिता येतं, प्रश्नच मिटतो. एमएसवर ती सोय नाही, तिथं एका ओळीत सगळं, त्यामुळं कंसाला पर्याय नाही. उदाहरणार्थ वर्गसमीकरणाचं सूत्र असं टाका:

(−बी + √(बी² − ४एसी)) ÷ (२ए)

शेवटचा कंस काढला तरी कॅसिओवर उत्तर तेच येईल. पण तीच ओळ उद्या कॉम्प्युटरवर टाकायची वेळ आली तर पोरगी फसेल.

खडूफळा (अंबाजोगाई)
मांजरातीर सरांच्या या ओळीवरच अजून एक. त्यात ए १, बी −५, सी ६ टाकून बघायला सांगा. बी मागितलं की उणे चिन्हाचं छोटं बटण (ज्यावर ए आहे) आणि ५. उत्तर ३. आणि मुद्दाम थेट −५ चा वर्ग करून बघायला सांगा, बिना कंसाचा. −२५ येईल! कारण आधी ५ चा वर्ग, मग उणे. डब्यात −५ ठेवलं असेल तर बी² मात्र २५ येतो, कारण डब्यातला आकडा चिन्हासकट एकच. पोरं हातानं आकडे भरतात आणि मूळाखाली २५ − २४ च्या जागी −२५ − २४ करून बसतात, मग मॅथ एरर, मग "सर, या समीकरणाला उत्तरच नाही." ज्यांनी अक्षरांत टाकलं त्यांना हा त्रास होत नाही. अक्षरं वापरायचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे, वेळ वाचतो ते नंतर.

आणि दोन उणे चिन्हं आहेत हेही दाखवा. मागचं उत्तर पडद्यावर असताना वजाबाकीचं बटण दाबलं तर तो आधी "आन्स" लावतो, म्हणजे मागच्या उत्तरातून वजा. नवीन ऋण आकडा सुरू करायला छोटंच वापरावं.

विष्णुपुरी (नांदेड)
मी शेवटच्या वर्षाला आहे. हे सगळं करताना सॉल्व्हचं कुणी नावच घेईना? शिफ्ट आणि कॅल्क, सरळ समीकरण सोडवून देतो की.

दुधनाकाठ काका, ३एक्स + ७ = २२ असं टाकायचं, मधलं बरोबरचं चिन्ह लाल रंगातलं, अल्फा आणि कॅल्क दाबून मिळतं. खालचं मोठं बरोबर दाबायचं नाही. मग शिफ्ट, कॅल्क. एमएस "एक्स?" विचारतो, पुन्हा शिफ्ट, कॅल्क. येतं ५. ईएस प्लसवर दुसऱ्यांदा नुसतं बरोबर दाबायचं, आणि तिथं खाली "एल-आर" समोर शून्य दिसतं, म्हणजे डावी-उजवी बाजू जुळली.

खडूफळा (अंबाजोगाई)
मी मुद्दामच नाव घेतलं नव्हतं. पहिल्या वर्षाच्या लेकराला सॉल्व्ह दाखवलं की ते समीकरण मांडायचंच सोडून देतं.

मांजरातीर (लातूर)
सर, आदर राखून सांगतो, लपवून काय फायदा? होस्टेलला पहिल्या रात्रीच सिनियर दाखवतात. त्यापेक्षा आपण नीट दाखवावं, त्याच्या खोडीसकट.

खोड अशी. सॉल्व्ह न्यूटनच्या पद्धतीनं अंदाजानं जवळ-जवळ सरकत जातो. सुरुवात कुठून, तर एक्सच्या डब्यात असलेल्या किंवा तुम्ही दिलेल्या आकड्यापासून. एक्स² − ५एक्स + ६ = ० घ्या. सुरुवातीला ० दिलं तर उत्तर २. दहा दिलं तर ३. एका वेळी एकच उत्तर, दुसरं आहे हे तो सांगतसुद्धा नाही. ज्याला वर्गसमीकरणाला दोन मुळं असतात हे माहीत आहे तोच दुसऱ्यांदा विचारणार. आणि एक्स² + १ = ० दिलं की ईएस प्लस हात वर करतो, कारण वास्तव उत्तर नाही. तेच समीकरण मोड ५ मध्ये जाऊन ३ निवडून १, ०, १ असे सहगुणक दिले तर आय आणि उणे आय ही काल्पनिक मुळं मिळतात.

परीक्षेत नुसत्या उत्तराला गुण मिळत नाहीत, पायऱ्या लागतात. त्यामुळं सॉल्व्हनं आळस येतो हे मला पटत नाही. आधी हातानं सोडवायचं, मग तपासायला सॉल्व्ह.

खडूफळा (अंबाजोगाई)
तपासायला असेल तर कॅल्क पुरतो. डावी बाजू अक्षरात टाका, आपलं उत्तर एक्सला द्या, उजवी बाजू येते का बघा. म्हणजे उत्तर "ठेवून बघणं" काय असतं हे तरी कळतं. सॉल्व्हनं पोरं उत्तरावर विश्वास ठेवायला शिकतात. मी माझ्या मतावर आहे.

विष्णुपुरी (नांदेड)
खडूफळा सरांशी मी एका बाबतीत सहमत. गेटच्या (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेच्या) तयारीला लागलो तेव्हा कळलं, तिथं स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. पडद्यावरचा वापरायचा, माऊसनं. त्यात अल्फा नाही, कॅल्क नाही, सॉल्व्ह नाही. एक मेमरी, बास. तीन वर्षं सगळं ए-बी-सीमध्ये ठेवायची सवय लागलेली, आता मधली उत्तरं कच्च्या कागदावर लिहायला नव्यानं शिकतोय. त्यामुळं काका, ताईला डिप्लोमापुरतं मस्त वापरू द्या, पण हाताचीही सवय ठेवायला सांगा.

बालाघाट (केज)
मी जमीन मोजणीची खासगी कामं करतो. सिव्हिलच्या पोरीला एक सांगायचं राहिलं, आणि ते शिकवणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही.

सर्व्हेच्या विषयात ट्रॅव्हर्स (एकाला एक जोडलेल्या रेषांची मोजणी) येईल. रेषेची लांबी आणि बेअरिंग (उत्तरेपासूनचा कोन) दिलेली, त्यावरून लॅटिट्यूड (उत्तर-दक्षिण अंतर) आणि डिपार्चर (पूर्व-पश्चिम अंतर) काढायचं. त्याला "रेक" फंक्शन वापरतात. लांबी ५०, बेअरिंग ३० अंश: रेक(५०, ३०). पहिलं उत्तर ४३.३० लॅटिट्यूड, दुसरं २५ डिपार्चर. कॉस-साइन वेगळं करायची गरज नाही. (पडद्यावर डिग्रीची "डी" आहे ना, ते आधी बघायचं.)

ही दोन्ही उत्तरं यंत्र न विचारता डब्यात टाकतं. एमएसवर ती ई आणि एफमध्ये जातात. दुसरं उत्तर बघायला आरसीएल आणि टॅन दाबावं लागतं ते त्याचमुळं. ईएस प्लसवर ती एक्स आणि वायमध्ये जातात. आता समजा पोरीनं एमएसवर ई मध्ये परिमिती जपून ठेवली आणि मग रेक वापरलं. परिमिती गेली, आणि कसलीही सूचना नाही. मैत्रिणीचा ईएस प्लस असेल तर तिचं ई सुरक्षित, पण एक्स गेला. एकाच बाकावरच्या दोघी, एकच गणित, आणि गोंधळ वेगवेगळ्या अक्षरात. म्हणून मी जपायचे आकडे ए, बी, सी, डी मध्येच ठेवतो. ही चार दोन्ही यंत्रांवर रेक आणि पोलच्या (रेकच्या उलट फंक्शनच्या) वाटेत येत नाहीत.

एमचंही तसंच. तो एम+ चाच डबा आहे. चुकून एम+ दाबलं की बेरीज होऊन बसते. पडद्यावर बारीक "एम" दिसत असेल तर आत शून्य नाही, एवढी तरी खूण तो देतो. बाकी अक्षरांची तीही खूण नाही.

खडूफळा (अंबाजोगाई)
बालाघाट, हे मलाही नवीन. ई-एफचं वहीत नोंदवून ठेवतो.

परळी_ते_डॅलस
मूळ परळीचा, सध्या इकडं. पोराच्या शाळेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ सक्तीचा आहे, त्यावरही अक्षर म्हणजे डबाच, पण आलेख काढतो आणि एक्ससाठी मोठं स्वतंत्र बटण आहे. माझा जुना टीआय-८९ मात्र खरं बीजगणित करतो. एक्स + एक्स दिलं तर २एक्स असं अक्षरातच उत्तर देतो. खडूफळा सरांचं "त्याला माहीत नाही हा प्रकार ठाऊक नाही" हे त्याला लागू नाही.

पण गंमत बघा, त्यात कधीतरी एक्समध्ये ५ साठवलेला राहिला असेल तर एक्स + एक्स ला तो १० सांगतो. एफ६ दाबून ए ते झेड साफ केल्याशिवाय गाडी रुळावर येत नाही. आणि तिथं एक्सवाय चिकटून लिहिलं तर तो "एक्सवाय" नावाचं एकच अक्षर समजतो, गुणाकार नाही. एक्स(एक्स+१) लिहिलं तर एक्स नावाचं फंक्शन समजतो. कॅसिओवर वाढलेल्या माणसाला फार जड जातं.

टवाळ_परभणीकर
एवढा महागाचा कॅल्क्युलेटर आणि गुणाकाराचं चिन्ह हातानं द्यायचं. आमचा एमएस बरा की.

बालाघाट (केज)
अज्ञातांना अक्षरं द्यायची हौस आपल्याकडं जुनीच आहे. भास्कराचार्य यावत्तावत्, मग काळक, नीलक, पीतक असे रंग घ्यायचे आणि लिहिताना पहिलं अक्षर, या, का, नी. आणि त्यांचं गाव विज्जलविड म्हणजे आमचं बीड, असं म्हणणारे अभ्यासक आहेत, हे नोंदवून ठेवतो.

मांजरातीर (लातूर)
त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला सापडला, हेही नोंदवा मग.

प्रशासक
पुढं नको. बीड की पाटण हा धागा २०० प्रतिसादांवर कुलूपबंद आहे.

दुधनाकाठ (सेलू)
वाचतोय सगळं, पोरीला धाग्याची लिंकच पाठवली. तिनं विचारलंय: दोन चलांची समीकरणं मोड बदलून टाकली, पण उत्तराची चिन्हं उलटी यायलीत. समीकरणं होती २एक्स + ३वाय − १२ = ० आणि एक्स − वाय − १ = ०. दुसरं, तिला नवीनच घेऊन द्यावा का? दुकानदार सगळ्यात महागाचा दाखवू लागला.

मांजरातीर (लातूर)
चिन्हांचं कारण: दोन चलांच्या मोडमध्ये यंत्र एएक्स + बीवाय = सी असं धरतं, म्हणजे स्थिर पद उजवीकडं. तिनं −१२ आणि −१ जसेच्या तसे टाकले असणार. ते उजवीकडं नेऊन १२ आणि १ टाकायचे. २, ३, १२ आणि १, −१, १. एक्स ३, वाय २. वर्गसमीकरणाच्या मोडमध्ये मात्र उलट, तिथं सगळं डावीकडं आणि उजवीकडं शून्य. दोन्ही मोड शेजारी-शेजारी असून रीत वेगळी, त्यामुळं पोरं नेहमी अडखळतात. एमएसवर तिथं जायला मोड तीनदा, मग १. दोन अज्ञात असतील तर २. वर्गसमीकरणासाठी उजवा बाण दाबून "डिग्री" आल्यावर २.

कॅल्क्युलेटरबद्दल: आमच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या प्रश्नपत्रिकेवर सूचनाच असते, नॉन-प्रोग्रॅमेबल पॉकेट कॅल्क्युलेटर चालेल. एमएस, ईएस प्लस, दोन्ही त्यात बसतात. आलेखवाले घेऊन येऊ नये, पर्यवेक्षकाशी हुज्जत होते. एमएस चालू स्थितीत असेल तर तीन वर्षं निघतात. घ्यायचाच असेल तर ईएस प्लस, तेही फक्त अपूर्णांक वर-खाली दिसतात म्हणून. घेताना एक करा, दुकानातच ए मध्ये एखादा आकडा ठेवा, बंद करा, चालू करून आरसीएल ए बघा. राहिला पाहिजे. रस्त्यावरच्या स्वस्त नकलांमध्ये बटणांवर लाल अक्षरं छापलेली असतात, आत काही नसतं.

बालाघाट (केज)
मामेभावाचा जुना आहे म्हणजे डब्यांत त्याची खरकटी उरलेली असणार. बंद करून, मोड बदलून जात नाहीत ती. एकदा सगळं साफ करून घ्या: एमएसवर शिफ्ट, मोड, ३, बरोबर. ईएस प्लसवर शिफ्ट, ९, ३, बरोबर.

विष्णुपुरी (नांदेड)
पण तीन दाबलं की सेटिंगही मूळ जागी जातं, अंश-रेडियन, दशांशाची ठरवलेली घरं, सगळं. नुसती अक्षरंच शून्य करायची असतील तर एमएसवर तीनऐवजी १, ईएस प्लसवर २. मी पेपरच्या आदल्या रात्री हेच करतो, हॉलमध्ये नाही. हॉलमध्ये घाईत तीन दाबलेला माझा एक मित्र रेडियनमधलं गणित डिग्रीत सोडवून आला.

दुधनाकाठ (सेलू)
३ आणि २ आलं, पोरगी खूश. साफ करायचं आज रात्री सांगतो. ते "फिक्स" म्हणून पडद्यावर बारीक अक्षरात आलंय आणि सगळी उत्तरं दोनच दशांशात यायलीत, तेही त्याच तीननं जाईल का?

विष्णुपुरी (नांदेड)
हो काका, जाईल. फक्त नंतर पडद्यावर "डी" आहे का तेवढं बघायला सांगा.